आहेरासोबतची चौकट

दिग्रसच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत मी इतकी वर्षं काढली, की आजही कुणी हातात माईक घेतला की माझ्या कपाळावर आठी पडते. पुसदची गाडी कुठे लागली, यवतमाळची किती वाजता सुटणार, एवढं सांगायचं आणि बटण बंद करायचं, हे माझं काम. पण त्या माईकवर साऱ्या गावाचा डोळा. कुणाला हरवलेली पिशवी पुकारायची, कुणाला आपल्या रसवंतीची जाहिरात करायची. एकाला तर आपल्या साडूला अख्ख्या स्टँडसमोर चार शब्द सुनवायचे होते, आणि त्यासाठी तो कळकळीने विनवण्या करत होता. मी माईक कुणालाच दिला नाही. लोक मला खाष्ट म्हणत. म्हणोत बापडे, माझ्या खिडकीतून कुणाची अब्रू गेली नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा पाटबंधारे खात्यातून मोठा बाबू होऊन निवृत्त झाला. निवृत्त झालेली माणसं कुंड्यांत गुलाब लावतात, देवळाच्या कमिटीत जाऊन भांडतात. आमच्या जावईबापूंना क्रांती करायची होती. त्यांनी मोबाईलवर कुठलंसं भाषण ऐकलं, की आता जगात बँक लागणार नाही, सरकार लागणार नाही, माणसाचं नाणं माणसाच्या हातात राहील. आयुष्यभर सरकारचा पगार घेतलेल्या आणि आजही सरकारचं पेन्शन घेणाऱ्या माणसाला हे ऐकून भरून आलं. पेन्शन मात्र बँकेतच जमा होत राहिलं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

आता आमच्याकडचा आहेर कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लग्नात जेवणं चालू असताना एक माणूस माईकवर बसतो आणि कुणी काय आहेर केला ते नावानिशी पुकारतो. आणि आहेरात येतात टॉवेल, टोप्या आणि ब्लाउज पीस. हे ब्लाउज पीस कुणी शिवत नाही. ते कपाटात जातात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात मारले जातात. माझ्याच बहिणीने दिलेला एक मोरपंखी पीस चार घरं फिरून तिच्याकडेच परत आला होता, कोपऱ्यावरच्या शाईच्या डागावरून तिने ओळखला.

जावईबापू म्हणाले, फिरायचंच आहे तर नाणं फिरवू. कॉम्प्युटरवरचं नाणं. आहेरात ते द्यायचं, घेणाऱ्याने ते गावातल्या ठरलेल्या तीन दुकानांत चालवायचं, नाहीतर पुढच्या लग्नात द्यायचं. त्यांचा एक चुलतभाऊ हैदराबादला इंजिनिअर आहे, त्याने कुठलीशी तयार व्यवस्था आणून त्यांना मांडून दिली. नाण्याचं नाव आहेरच ठेवलं. दिग्रसमध्ये पाच-सहा घरी, पुसदला दोन-तीन, एक फुलसावंगीला, एक मुकुटबनला, अशी नात्यागोत्यातल्या डझनभर घरांत मशीनं बसली. मालक कुणी नाही. मोबाईलवरून कुणी कुणाला आहेर पाठवला, की त्याची नोंद सगळ्या मशीनांत उमटणार. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला बांधलेली, म्हणून मधली एखादी काढली की पुढच्या साऱ्या निकामी. नवीन घर जोडलं, की शेजारची मशीनं त्याला पहिल्या दिवसापासूनचं सगळं पाठवणार. इन्व्हर्टरही लावले, म्हणजे लाईट गेली तरी मशीन झोपायचं नाही. बहिणीच्या घरी ते बैठकीत, देवघराच्या भिंतीला लागून बसलं. दसऱ्याला जावईबापूंनी त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूची माळ घातली.

इथवर माझी काही हरकत नव्हती. माणसं याहून वाईट छंद करतात. घोटाळा झाला तो चौकटीचा.

आहेर पाठवताना सोबत आशीर्वाद लिहायला एक मोकळी चौकट होती. चुलतभाऊ हैदराबादहून फोनवर सांगत होता आणि जावईबापूंनी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता, कारण क्रांती एकट्याने ऐकायची नसते. तो म्हणाला, "दादा, चौकट दोन ओळींचीच ठेवू. नाव आणि आशीर्वाद, बस्स. फोटो घेऊ नको. इथं एकदा आलेलं निघत नाही, आणि ते सगळ्यांच्या घरात राह्यते."

मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, "बरोबर सांगून राह्यला तो."

जावईबापू माझ्याकडे बघून हसले. "ताई, तुमची खिडकी सुटली, पण खिडकीतली सवय नाही सुटली." मग फोनकडे वळून म्हणाले, "अरे, लग्नात कोणी माईक हातात घेतला तर आपण हिसकून घेतो काय? पिऊन आलेला मामा असला तरी त्याले चार शब्द बोलू देतो. लोकांचं नाणं आहे, लोकांले मोकळं लिहू दे. फोटोबी पायजे. आहेर काय बिनफोटोचा शोभते?"

पिऊन आलेला मामा बोलून झाल्यावर मांडव काढतात आणि मामाचं बोलणंही लोक विसरतात, हा फरक त्यांच्या लक्षात आला नाही. खरं तर माझ्याही तेव्हा नेमका लक्षात आला नाही. मला नुसता राग आला आणि मी शेंगांचं टोपलं घेऊन आत गेले.

मग लोकांनी मोकळं लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन लग्नांत खरोखर आशीर्वाद आले. मग सकाळी सकाळी येणारी फुलांची चित्रं आली, त्यावर सुविचार. कुणी एक नाणं स्वतःलाच पाठवायचा आणि सोबत पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो चिकटवायचा, गळ्यात सोन्याची साखळी, मागे पन्नास मुंडकी. प्लॉट विकणे आहे. कापसाचा आजचा भाव. बारशाचं आमंत्रण. फुलसावंगीच्या एका गृहस्थाची म्हैस हरवली, त्याने म्हशीचा फोटो टाकला, खाली वर्णन, शिंगाला लाल रंग. म्हैस दुसऱ्या दिवशी आपण होऊन गोठ्यात आली. पण नाण्याच्या जाळ्यात ती अजून हरवलेलीच आहे, आणि जो नवीन माणूस जोडला जातो त्याच्या घरी तिचा फोटो जातो. मी जावईबापूंना म्हटलं, "ही म्हैस आता तुमच्या पणतवांपर्यंत हिंडणार." ते म्हणाले, "ताई, लोक सहभाग घेऊन राह्यले, हे पाहा." उकिरड्यावरही लोक सहभागच घेतात, पण त्याला कुणी हळदकुंकू लावत नाही.

आता माझ्या भाचीबद्दल. ही जावईबापूंची एकुलती एक मुलगी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक आणि दरवर्षी नवी धाकधूक. मोजकं बोलते. माझ्यासारखी जीभ तिला नाही. तिचं एका ठिकाणी जमलं, साक्षगंध होऊन अंगठीही बोटात आली. साक्षगंध झाल्यावर त्या मुलाने तिच्या मोबाईलचं कुलूप उघडायचा आकडा मागितला. आता आपल्यात काय लपवायचं, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, लपवायचं काही नाही आणि द्यायचंही नाही. त्याने पुन्हा मागितला, मग त्याच्या आईने मागितला. तिने अंगठी परत पाठवली. मला ऐकून इतका आनंद झाला, की मी तिला स्टँडवरून गरम कचोऱ्या नेऊन दिल्या. जावईबापू मात्र महिनाभर कुणाच्या दारात गेले नाहीत.

पुढे आमच्या नात्यातल्या एका लग्नात नाण्याचे आहेर होत होते. त्यात एक नाणं आलं, पाठवणाऱ्याच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे, आणि खाली सही, एक हितचिंतक. सोबत माझ्या भाचीचा साक्षगंधातला फोटो. शेजारचा मुलगा कापून टाकलेला, त्याचा हात तेवढा तिच्या खांद्याशी राहिला होता. वर तिचा मोबाईल नंबर, आणि खाली जे लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहून ठेवलं गेलं तेवढं पुरे आहे.

भाचीला ते कळलं फोनवरून. अनोळखी पुरुषांचे फोन यायला लागले, आणि त्यातल्याच एकाने हसत हसत सांगितलं की नंबर कुठे मिळाला. ती बैठकीत आली, बापाच्या मशीनसमोर बसली आणि स्वतःच शोधून काढलं. मी त्या वेळी तिथे होते. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हे काढा."

जावईबापू वाईट माणूस नाहीत, हे मला सांगायला हवं. मुलीवर त्यांचा जीव आहे. त्यांनी लगेच हैदराबादला फोन लावला. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, म्यां तेव्हाच सांगतलं होतं. एकट्याच्या मशीनवरून ते निघत नाही. सगळ्यांनी मिळून त्या लग्नाच्या आधीच्या दिवशी परत जावं लागन. त्यानंतरचे सगळे आहेर पुसल्या जातीन. सारे तयार असतीन तर सांग, मी एका दुपारी करून देतो."

भाची पोलीस ठाण्यात जायला निघाली. मी सोबत गेले. हवालदार भला माणूस होता, पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. मग विचारलं, "कोणत्या कंपनीले लिहायचं, मॅडम? कंपनीले पत्र गेलं की ते काढतात." कंपनी नाही, म्हटलं. "मग आहे कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये?" भाची म्हणाली, डझनभर घरांत आहे. "पाठवणारा सापडेपर्यंत ज्यांच्याकडं आहे त्यांनाच विचारावं लागन. पहिलं घर कोणाचं?" तिने खाली मान घातली आणि म्हणाली, उद्या येते.

घरी आल्यावर जावईबापूंनीच तिला विचारलं, तक्रारीत कुणाचं नाव जाणार. तिने सांगितलं. त्यांनी हात जोडले. पोटच्या मुलीसमोर हात जोडले आणि म्हणाले, "बेटा, मलेच नेतीन. या वयात मले ठाण्यात बसवशील काय?" ती दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेली नाही. तिने नंबर बदलला, आणि नवीन नंबर कॉलेजात द्यायला गेली तेव्हा तिथल्या बाबूने विचारलं, जुना काहून बदलला मॅडम, आणि विचारताना तो हसला. त्याला माहीत होतं. नेमणुकीचं पत्र त्याच बाबूच्या टेबलावरून निघणार होतं.

मग जावईबापूंनी बैठक बोलावली. ज्यांच्या घरी मशीनं होती ते सगळे आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला प्रत्येकाचं तोंड दिसत होतं. एवढ्या मोठ्या माणसांची एवढी लहान तोंडं मी स्टँडवर कधी पाहिली नव्हती. पोरीचं वाईट झालं, असं प्रत्येकाने म्हटलं. आपली मुलगी, आपली इज्जत, असंही म्हटलं. मग नात्यातलेच एक कापडदुकानदार खाकरले. त्यांच्या मुलाचं लग्न त्या लग्नानंतर झालं होतं, आणि आहेरही दणकून आला होता. ते म्हणाले, "मागं जाणं ठीक नाही दिसत. लोकांचे आशीर्वाद पुसणं म्हणजे अपशकुन आहे." बघा, टॉवेल-टोपीच्या काळात या माणसाने आलेला आहेर दुसऱ्या दिवशी दुकानात परत विकायला ठेवलेला मी पाहिला आहे. तेव्हा आशीर्वाद पुसले नव्हते.

पुसदहून आलेले एक वकील होते. ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा आपण पुसायला लागलो, तर उद्या कोणीबी म्हणन माझं पुसा." मी दारातून म्हटलं, "म्हनू द्या नं. म्हैसवाल्याचंबी पुसा." कुणी हसलं नाही. फुलसावंगीवाले म्हणाले की त्यांच्या मशीनवर ते कुणी उघडून पाहतच नाही, तर त्रास कायचा. शेवटी इन्व्हर्टरच्या दुकानदारांनी, ज्यांचं मशीन दुकानातच होतं, सगळ्यांना पटेल असा तोडगा काढला. "तो फोटो कोणीच पाहू नये, असं आपण सगळे ठरवू." आणि त्यांनी खरंच ठरवलं. चहा पिऊन ठरवलं. जाताना प्रत्येक जण माझ्या बहिणीला सांत्वनाचे दोन शब्द बोलून गेला, आणि मला खात्री आहे की त्यांतल्या निम्म्या लोकांनी घरी जाऊन आधी तो फोटो पाहिला असणार, न पाहण्यासारखं नेमकं काय आहे ते कळावं म्हणून.

ते गेल्यावर भाची आतून बाहेर आली. सगळं तिने ऐकलं होतं. मशीनचा हिरवा दिवा लुकलुकत होता. ती बापाला म्हणाली, "बाबा, ते लोक नाही काढत, ठीक आहे. आपलं मशीन तर बंद करा."

"त्यानं काय होईन, बेटा? बाकीच्यांकडं तर आहेच."

"बाकीच्यांचं राहू द्या. नवीन कोणी जोडल्या गेलं की माझा फोटो आपल्या घरून जाते नं? तो आपण कायले वाटून राह्यलो?"

त्यांनी खुर्ची मशीनकडे वळवली. मला वाटलं, आता उठतील. मग म्हणाले, "मी सुरू केलं, मीच बंद केलं, तर लोक काय म्हणतीन? एवढी लग्नसराई होऊ दे."

मी त्या माणसावर आयुष्यात अनेकदा चिडले आहे, पण त्या क्षणी मला चीड आली नाही, किळस आली. बहिणीला म्हटलं, तूच काढ ती वायर. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "त्यायले विचारल्याशिवाय कशी काढू?" मग मी स्वतःच पुढे झाले. भाचीने माझा हात धरला. "नाही मावशी. ते बाबांनीच बंद करायले पायजे," ती म्हणाली. मला तिचं म्हणणं पटलं नाही, पण हात मी मागे घेतला.

त्यानंतर ती माझ्याकडे राहायला आली. भांडून नाही, कपड्यांची बॅग घेऊन, कॉलेज इथून जवळ पडतं म्हणून. सणावाराला घरी जायची, बापाशी नीट बोलायची, भाजी कशी झाली ते सांगायची. मशीनचं नाव काढायची नाही. जावईबापूंना वाटलं, पोरगी समजूतदार आहे, विसरली. आम्हां बायकांना काय विसरता येतं याबद्दल पुरुषांचे फार मोठे अंदाज असतात.

हे लिहिते आहे तेव्हा त्यांचं मशीन बंद आहे, मुकुटबनच्या लग्नाहून परतल्यावर त्यांनीच वायर काढली. बाकीची चालू आहेत. वायर का काढली, तेवढं सांगायचं राहिलं.

मुकुटबनला जावईबापूंच्या नात्यात लग्न होतं. आम्ही चौघेही गेलो होतो, ते, बहीण, भाची आणि मी. मांडवात पंगत बसली होती, आम्ही एका ओळीत होतो. माईकवरून आहेर पुकारणं चालू होतं. वाढायला आलेली नवरीकडची एक बाई भाचीच्या पानात वरण घालता घालता थांबली. चांगली, हसऱ्या तोंडाची बाई. म्हणाली, "तुले कुठंतरी पाह्यलं वाटते मले. चेहरा वळखीचा आहे." मग आपणच आठवून म्हणाली, "आमच्या भाच्याच्या घरी परवा ते आहेराचं मशीन आनलं नं, त्याच्यात..." आणि तिथेच तिची जीभ अडखळली, कारण त्याच्यात काय पाहिलं तेही तिला आठवलं असावं.

मी तोंड उघडणार होते. स्टँडवर कमावलेला सगळा आवाज माझ्या गळ्यात आला होता. पण भाची माझ्या आधी बोलली, आणि पाहुण्यांची ओळख करून द्यावी तितक्या साध्या आवाजात बोलली.

"हाव काकू, पाह्यलं असन. आमच्याच घरून आलं ते तुमच्याकडं." तिने डाव्या हाताने शेजारी दाखवलं. "हे माझे बाबा. यायनंच पाठवलं."

जावईबापूंनी आपली ओळख होते आहे एवढंच ऐकून सवयीने हात जोडले होते. उष्टे हात, बोटांना भात लागलेला. बाकीचे शब्द त्यांच्यापर्यंत नंतर पोहोचले. बाई वरणाचं भांडं घेऊन उभीच राहिली. माईकवरचा माणूस पुढचं नाव पुकारत होता. भाचीने वरण-भात कालवला आणि जेवू लागली. जावईबापूंचे हात मात्र तसेच जोडलेले राहिले, आणि आमच्यापैकी कुणीही त्यांना खाली घ्या म्हटलं नाही.